भिंतीलाही श्वास लागतो

गेल्या वर्षी चतुर्थीला गावच्या घरी आम्ही सगळे भाऊबंद जमलो होतो. आरती झाली, नेवऱ्या खाऊन झाल्या, आणि चुलतभावाने पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "दादा, तू सरकारी माणूस. एकदा वाचून बघ आणि सही कर." ते ना-हरकत पत्र होते. फोंडा तालुक्यातले आमचे जुने घर पाडून तिथे बिल्डरकडून फ्लॅटची इमारत बांधून घ्यायची, आणि प्रत्येक वाटेकऱ्याला त्याच्या हिश्शाप्रमाणे जागा किंवा पैसे मिळायचे, असा मजकूर. वाटेकरी सतरा. बारा सह्या आधीच झालेल्या.

वीस वर्षांहून अधिक काळ मी सरकारी कचेरीत कारकून आहे. लोकांच्या अशा कागदांवर शेरे लिहून ते पुढच्या टेबलाकडे पाठवण्यात माझे दिवस जातात. पण हा कागद मला पुढे पाठवता आला नाही. मी तो घडी करून खिशात ठेवला आणि म्हणालो, "वाचून सांगतो." आज त्या गोष्टीला वर्षाहून अधिक काळ लोटला. या काळात जे वाचले, पाहिले आणि पदरचे पैसे घालून शिकलो, ते आज इथे लिहितो आहे. मी इंजिनिअर नाही, पुरातत्त्वज्ञही नाही. इतिहास घेऊन बी. ए. झालेला साधा माणूस आहे. पण जुन्या घरांचा प्रश्न गोव्यातल्या निम्म्याअधिक कुटुंबांत आज ना उद्या येणारच आहे, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

आमचे घर चिऱ्याच्या जोत्यावर मातीच्या भिंतींचे, वर चुन्याचा गिलावा. मधे राजांगण, त्यात तुळस, चारी बाजूंनी वळई, आणि वर मंगळुरी कौले. आजोबांच्या काळी दरवर्षी मे महिन्यात कौले चाळली जात. फुटलेली बदलत. पावसाची झड लागणाऱ्या भिंतींवर विणलेली चुडते बांधत. पाऊस सरला की चतुर्थीनंतर सवडीने चुना काढत. मी नोकरीला लागलो, हातात पैसे आले, आणि २००६ साली मीच पुढाकार घेतला. "दरवर्षीची कटकट एकदाची संपवू," असे मी वडिलांना म्हणालो. बाहेरून सगळीकडे सिमेंटचा गिलावा, त्यावर प्लास्टिक रंग, राजांगणात मातीवर सिमेंटचा कोबा.

त्या वेळी गावातला एक म्हातारा गवंडी काम बघायला आला होता. त्याला आम्ही काम दिले नव्हते, कारण तो चुना भिजत घालायला काही आठवडे मागत होता आणि कंत्राटदार आठ दिवसांत सगळे पुरे करून देणार होता. त्याने ओल्या सिमेंटवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बाब, वणटीक स्वास घेवंक जाय." भिंतीला श्वास घ्यायला हवा. आम्ही हसलो. मीही हसलो.

चौथ्या पावसाळ्यात देवघराच्या भिंतीला आतून लोणा दिसू लागला. आठव्या पावसाळ्यात भिंत फुगली. बाहेरचा सिमेंटचा गिलावा शाबूत होता, पण त्यावर टिचकी मारली तर पोकळ आवाज येई. आतली माती ओलीच राहत होती. त्या ओलीने तुळयांची टोके कुजली आणि मग वाळवीला आमंत्रण द्यावे लागले नाही. आज भाऊबंद "घर मोडकळीस आले आहे" म्हणतात ते खरेच आहे. पण ते वयाने मोडकळीस आलेले नाही. मी ते 'पक्के' केले, म्हणून मोडकळीस आले.

चुना आणि सिमेंट

यात काय घडले ते समजायला रसायनशास्त्राची मोठी पदवी लागत नाही. गोव्यात चुना होत असे तो बहुतेक शिंपल्यांचा. नदीकाठचे, समुद्रकाठचे शिंपले भट्टीत भाजायचे, म्हणजे त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. ती कळी पाण्यात विरवायची, खड्ड्यात मुरवायची, रेती घालून मळायची. भिंतीवर चढवलेला हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा शिंपल्यासारखा कठीण होत जातो. पण दगड होऊनही तो सच्छिद्र राहतो. भिंतीत शिरलेली ओल तो बाहेर सोडतो. आपला चिराही असाच सच्छिद्र आणि तुलनेने मऊ. खाणीतून काढताना सहज कापला जातो, हवा लागली की घट्ट होतो. चिरा, माती आणि चुना हे एकमेकांचे सोबती आहेत.

पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली घेतले. म्हणजे हा गोव्यात आला तो नवा पाहुणा. पाहुणा गुणी आहे यात शंका नाही. पण तो ओल अडवतो, आणि मऊ भिंतीवर कडक कवच चढवतो. पाणी वरच्या फटीतून, खालच्या जमिनीतून आत येतच राहते. बाहेर जायची वाट मात्र बंद होते. कोंडलेल्या पाण्याबरोबर मीठ आतल्या बाजूने वर येते, तोच आपला लोणा. तेव्हा गवंड्याचे ते वाक्य काव्य नव्हते, ते तंत्र होते.

याच्या नेमकी उलट चूकही आपल्याकडे झाली आहे, आणि ती सगळ्या जगाला दिसते अशा ठिकाणी झाली आहे. जुन्या गोव्याचे बॉम जेजूस १५९४ ते १६०५ या काळात बांधले गेले. दर्शनी भागात वसईकडून आणलेला काळा दगड आहे, बाकीच्या भिंती चिऱ्याच्या आणि त्यावर चुन्याचा गिलावा. आज आपण ते तांबडे बघतो आणि तांबडेच त्याचे मूळ रूप समजतो. पोस्टकार्डांवर तेच, शाळेच्या पुस्तकातही तेच. प्रत्यक्षात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, पोर्तुगीज राजवटीतच, बाल्ताझार काश्त्रू या वास्तुविशारदाच्या सांगण्यावरून त्याचा गिलावा काढला गेला. इमारत अधिक 'प्राचीन' दिसावी हा हेतू. तेव्हापासून गोव्याचा पाऊस उघड्या चिऱ्यावर कोसळतो आहे. शेजारचे से कॅथेड्रल चुन्याने पांढरे आहे. त्याचे अंगरखे शाबूत आहेत, याचे उतरवले. अलीकडच्या वर्षांत खुद्द चर्चमधूनच पुन्हा गिलावा करण्याची मागणी झाली. त्याला विरोध करणारे म्हणतात की लोकांना आता तांबडेच रूप ओळखीचे आहे. म्हणजे सत्तर वर्षांची चूकच आता वारसा झाली! मी माझ्या घराला नको ते कवच घातले, तिथे हवे ते कवच काढले. दोन्हीकडे मूळ बांधणाऱ्याने काय विचार केला असेल हे कोणी विचारले नाही.

बांधले कोणी आणि सांभाळले कोणी

इतिहासाच्या पुस्तकात इमारत कोणी बांधली ते असते. कोणी सांभाळली ते क्वचितच असते. नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वराचेच घ्या. दिवाडीवरचे मूळ देऊळ सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडले, लिंग भक्तांनी नदीपलीकडे नार्व्याला नेले, आणि शके १५९० म्हणजे इ. स. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तिथे देवालयाचे काम सुरू झाले. दारावरचा शिलालेख आजही ते सांगतो. शाळेत आपण हे शिकतो आणि अभिमानाने सांगतो. पण १६६८ नंतरच्या साडेतीनशे पावसाळ्यांत त्या देवळाचे छप्पर कोणी चाळले, गिलावा कोणी केला, त्यांची नावे कुठेही कोरलेली नाहीत. त्यांच्याशिवाय महाराजांचा शिलालेखही वाचला नसता. राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याने त्या देवळाचे जतनकाम हाती घेतले आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा लोकांसाठी खुले झाले. मी ते पाहून आलो. तिथे उभा असताना मला वाटले की शिलालेखाखाली गवंड्यांसाठी एक रिकामा दगड ठेवायला हवा.

सांभाळणे थांबले की काय होते तेही जुन्या गोव्यातच दिसते. १८३० च्या दशकात पोर्तुगालच्या सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले, पाद्री गेले, मठ रिकामे पडले. ऑगस्टिनियन मठाच्या भव्य चर्चचे छप्पर १८४२ साली कोसळले. दर्शनी भाग १९३१ मध्ये पडला. आज सुमारे ४६ मीटर उंचीचा एक मनोरा, तोही अर्धा, उभा आहे. त्या चर्चवर कोणी तोफा डागल्या नव्हत्या. कौले चाळणारा माणूस गेला, एवढेच कारण पुरले.

आणि पडलेल्याचा उपयोगही आपल्या पूर्वजांनी केला. पणजी १८४३ मध्ये राजधानी झाली. ती उभी करताना जुन्या गोव्याचा दगड उचलून आणला गेला. आझाद मैदानावरचा तो खांबांचा मंडप आपण रोज बघतो. १८४७ साली तो आफोन्सो द आल्बुकेर्कच्या पुतळ्यासाठी उभारला, आणि त्याचे खांब जुन्या गोव्यातल्या डोमिनिकन चर्चच्या अवशेषांतून आणलेले आहेत. मुक्तीनंतर पुतळा गेला, मंडप राहिला, आणि आज तिथे टी. बी. कुन्हांचे स्मारक आहे. एकाच खांबांनी तीन काळ पाहिले. इमारतींचे आयुष्य असे असते. मालक बदलतो, उपयोग बदलतो, काम चालू राहते.

याचे सगळ्यात मोठे उदाहरण माझ्या वडिलांच्या नोकरीचे ठिकाण. पणजीचा आदिलशहाचा राजवाडा, म्हणजे जुने सचिवालय. आदिलशाहीत वाडा, नंतर १७५९ पासून पोर्तुगीज व्हाइसरॉयचे निवासस्थान, मुक्तीनंतर सचिवालय आणि विधानसभा. विधानसभा २००० साली पर्वरीला गेली. माझे वडील तिथे कारकून होते. जाड भिंतींमुळे मे महिन्यातही टेबलाशी गारवा असे, असे ते सांगत. आता खरी गंमत पुढे आहे. राज्य संग्रहालयासाठी पाट्टोवर नवी इमारत बांधली, तिचे उद्घाटन १९९६ साली झाले. पंचवीस वर्षे पुरी व्हायच्या आतच ती धोकादायक ठरली आणि संग्रहालय हलवावे लागले. कुठे? तर जुन्या सचिवालयात. विसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेली इमारत थकली, आणि तिच्यातल्या मूर्तींना पाच शतकांपूर्वीच्या वाड्याने आसरा दिला.

काँक्रीटही म्हातारे होते

इथे कोणी म्हणेल, हा मनुष्य जुने ते सोने म्हणणाऱ्यांपैकी आहे. तसे नाही. मुक्तीनंतर गावोगावी शाळा, दवाखाने, पूल इतक्या झपाट्याने उभे राहिले ते सिमेंट आणि लोखंडामुळेच. चुन्याचा गिलावा सुकायची वाट पाहत बसलो असतो तर माझी शाळा माझे शिक्षण संपल्यावर बांधून झाली असती. माझी तक्रार वेगळी आहे. आपण सिमेंटला अमर समजलो. त्याला सांभाळावे लागते हेच विसरलो.

मी लहान होतो तेव्हा, ५ जुलै १९८६ ला, मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. जेमतेम दीड दशक वापरात होता. खाऱ्या हवेत आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या हे कारण पुढे आले. म्हापशाला आत्याकडे जायचे तर बेतीच्या फेरीबोटीसाठी ताटकळत उभे राहिलेले मला आठवते. नवा पूल १९९२ मध्ये आला. जुवारीच्या पुलाची गोष्ट निराळी नाही. १९८३ चा तो पूल, त्याच्याही तारा गंजल्या, अवजड वाहने बंद करावी लागली, आणि शेवटी २०२२ च्या डिसेंबरात शेजारी नवा पूल सुरू झाला.

आता त्याच मांडवीच्या काठाने पणजीहून रायबंदरला जा. ज्यावरून तुम्ही जाता तो पोंत द लिन्यारीश. व्हाइसरॉय कोंद द लिन्यारीशच्या कारकिर्दीत, १६३३-३४ मध्ये, दलदलीतून चिऱ्याने बांधलेला सुमारे तीन किलोमीटरचा बांधरस्ता. घोडे आणि मचिले यांच्यासाठी केलेला. आज त्याच्यावरून मोटारी धावतात. तुलना सरळ नाही हे मलाही कळते. मोठी नदी ओलांडणारा उंच पूल चिऱ्याने झाला नसता. आणि लिन्यारीशच्या पुलाची डागडुजी अनेकदा झाली आहे. पण मुद्दा तोच तर आहे! तो टिकला कारण त्याची डागडुजी करता येत होती. एक चिरा निखळला तर दुसरा बसवता येतो. काँक्रीटच्या पोटात गंजणारी तार बाहेरून दिसतही नाही.

म्हणून बांधकाम धंद्याचे भविष्य काय, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन की ते नव्या इमारती बांधण्यात जेवढे आहे तेवढेच जुन्या सांभाळण्यात आहे. आणि 'जुन्या' म्हणजे फक्त चर्च, देवळे, किल्ले नव्हेत. १९६० ते १९९० या काळात बांधलेली काँक्रीटची घरे, कचेऱ्या, सभागृहे आता एकदमच म्हातारी होत आहेत. मी ज्या इमारतीत बसतो तिचे वय माझ्यापेक्षा थोडे अधिक. दोन वर्षांपूर्वी छताचा पापुद्रा माझ्या टेबलावरच्या आवक नोंदवहीवर पडला. मी जेवायला गेलो होतो म्हणून हे लिहितो आहे. चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेली कला अकादमी १९८३ पासून आपल्या नाटकवेड्या गोमंतकीयांचे दुसरे घर. तिच्या नूतनीकरणाचे काम चालू असताना २०२३ च्या जुलैत खुल्या रंगमंचाच्या छताचा भाग कोसळला. ती इमारत चिऱ्याची नव्हे, काँक्रीटची. पण तीही वारसाच आहे, आणि तिला सांभाळण्याचे ज्ञान वेगळे आहे. तेही आपण अजून शिकतोच आहोत.

दुसरा हिशेब पर्यावरणाचा. जगात माणसामुळे होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंट उत्पादनाचा वाटा सात-आठ टक्के धरला जातो. उभे असलेले घर पाडतो तेव्हा त्यात आधीच खर्च झालेला चिरा, लाकूड, मेहनत आपण कचऱ्यात घालतो आणि नव्यासाठी पुन्हा डोंगर कापतो. गोव्यात आता रेतीची टंचाई आहे, चिरे सिंधुदुर्गातून ट्रक भरून येतात. एखाद्या जुन्या घरात असलेले दोन-तीन हजार चिरे म्हणजे कापून तयार ठेवलेली खाणच की!

हात कुठून आणायचे?

रेईश मागूशचा किल्ला पाहिला असेल. १९९३ पर्यंत तिथे तुरुंग होता, नंतर तो ओस पडला. हेलन हॅम्लिन ट्रस्ट, इंटॅक आणि राज्य सरकार यांनी मिळून, वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांच्या देखरेखीखाली त्याचे जतन केले आणि २०१२ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. आज तिथे मारियो मिरांडांची चित्रे बघायला लोक जातात. म्हणजे हे काम गोव्यात होऊ शकते. झाले आहे.

अडचण दोन ठिकाणी आहे. एक हातांची. चुना मुरवणारा, चिऱ्याला चिरा चुन्यात बसवणारा, तुळईचे कुजलेले टोक कापून त्याला नवे लाकूड सांधणारा माणूस आता शोधावा लागतो. आमच्या त्या म्हाताऱ्या गवंड्याचा मुलगा आखातात गेला, नातू हॉटेलात आहे. दोष त्यांचा नाही. आपण त्या कामाला ना पैसा ठेवला, ना मान. खरे तर दुरुस्तीच्या कामात मालापेक्षा मजुरीवर अधिक खर्च होतो. म्हणजे तो पैसा कारखान्याकडे न जाता गावातल्या हातांत राहतो. बेरोजगारीवर भाषणे करणाऱ्यांनी याचा विचार करायला हरकत नाही.

दुसरी अडचण कागदांची, आणि ती माझ्या धंद्यातली. एका जुन्या सरकारी इमारतीच्या दुरुस्तीची फाइल माझ्या टेबलावरून गेली होती. सिमेंटच्या गिलाव्याचा दर तक्त्यात तयार असतो. चुन्यासाठी वेगळे दर-विश्लेषण जोडा, तज्ज्ञाचा अभिप्राय घ्या, मग शंका, मग खुलासा. मार्च अखेर आली, निधी परत जाणार म्हणून घाई झाली, आणि 'चुना' खोडून 'सिमेंट' लिहिले गेले. ती खोड मी पाहिली. पुढे पाठवण्याचा शेराही माझ्याच अक्षरात आहे. कोणी दुष्टपणा केला नाही. सोपा मार्ग तयार होता, एवढेच.

खासगी घरांचे दुखणे आणखी वेगळे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा आपल्याकडे आला, त्याने मुलगा-मुलगी सर्वांना समान वाटा दिला. ही गोष्ट अभिमानाचीच आहे. पण शेत वाटता येते, भाट वाटता येते. राजांगण कसे वाटणार? इन्व्हेंटरी झालेली नसते, वन-फोर्टीनच्या उताऱ्यावर आजोबांचेच नाव, आणि वाटेकरी मुंबई, पुणे, लिस्बन, दुबई असे पांगलेले. कौले चाळायला पाच हजार रुपये द्यायचे तर सतरा जणांत तीनशे-तीनशे कोण मागणार? म्हणून कोणीच देत नाही. पहिले कौल सरकते, मग वासा कुजतो. वारसाहक्काचे जुने कायदे एकत्र करून केलेला नवा कायदा २०१२ चा, अमलात आला २०१६ मध्ये. वाटणीची रीत त्यात आहे. पण कुटुंबाने घर न पाडता ते एकत्र सांभाळावे, यासाठी सोपी वाट अजून कोणी काढलेली नाही. देवळांसाठी ती होती. महाजनांचे नियम होते, उत्पन्न होते, जबाबदारी ठरलेली होती. घरांसाठी ती वडीलधाऱ्यांच्या शब्दावर चालत होती. शब्द गेला, कायदा आला, आणि मधल्या मधे कौले गळू लागली.

माझा कागद

आता पुन्हा माझ्या खिशातल्या कागदाकडे येतो. महिनाभराने चुलतभावाचा फोन आला. मी त्याला वारसा, चुना, बॉम जेजूस सगळे ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, "दादा, तुला लिहायला घर हवे. मला राहायला हवे." तो वास्कोला भाड्याच्या दोन खोल्यांत चौघांचे कुटुंब घेऊन राहतो. मला उत्तर सुचले नाही. आजही त्याचे म्हणणे खोडता येत नाही. वारशावर लेख लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावे.

मी त्याच्याकडे एक पावसाळा मागितला. जानेवारीत देवघराच्या भिंतीचा सिमेंटचा गिलावा काढायला घेतला. आत माती अक्षरशः चिखलासारखी होती. तीन महिने भिंत उघडी ठेवून सुकवली. शिंपल्यांचा चुना शोधायला कारवारपर्यंत चौकशी केली. तो म्हातारा गवंडी आता काम करू शकत नाही, पण खुर्चीवर बसून त्याने एका तरुण मजुराला सगळे सांगितले. तो मुलगा ओडिशाचा. दोघांची भाषा एक नव्हती. थापीने काम चालले. एप्रिल अखेरीस भिंत पुरी झाली. खर्च सिमेंटपेक्षा जास्त आला, हे लपवत नाही. राजांगणातला कोबाही फोडला.

शिवाय एक कच्चा नकाशा केला. घराच्या मागे गोठ्याची आणि लाकूडसामान ठेवायची जागा मोकळी पडून आहे. ज्यांना राहायला हवे त्या तिघाचौघांसाठी तिथे नवी, लहान, होय, काँक्रीटचीच इमारत होऊ शकते. जुने घर सर्वांचे, देवासाठी, चतुर्थीसाठी, आणि एक भाग भाड्याने देऊन त्याच्या डागडुजीसाठी. हिशेब पुरता जमत नाही. बिल्डरच्या आकड्याएवढा तर मुळीच नाही. पाच जणांना नकाशा पटला आहे, सहा जणांना नाही, बाकीचे "बघू" म्हणतात.

यंदाच्या चतुर्थीला चुलतभाऊ आला. गणपतीला हात जोडून तो देवघराच्या भिंतीपाशी गेला. चार महिने पाऊस खाल्लेली भिंत. त्याने तळव्याने ती खालपासून वरपर्यंत चाचपली. "कोरडी आहे," एवढेच म्हणाला. सही मागितली नाही. नको असेही म्हणाला नाही. कागद अजून माझ्या कपाटात आहे आणि तो कायम तिथे ठेवता येणार नाही हे मला ठाऊक आहे.

वाचकांना एवढीच विनंती. तुमच्या गावच्या घराला सिमेंटचा हात लावण्याआधी एकदा भिंतीवर तळवा ठेवून बघा. गावात एखादा म्हातारा गवंडी असेल तर त्याला चहाला बोलवा. त्याला जे माहीत आहे ते दर-तक्त्यात नाही, आणि ते मिळवायला आपल्याकडे फार पावसाळे उरलेले नाहीत.